बळानं चळवळ मोडते की वाढते? गडचिरोलीतला माझा हिशेब

प्रश्न असा आला आहे: बंदुकीच्या जोरावर सरकारला सशस्त्र चळवळ मोडता येते का, की जितकं मारावं तितका तिचा पाठिंबा वाढतो? विचारणारा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. क्लासमध्ये त्याला दोन्ही बाजू मांडून शेवटी 'समतोल दृष्टिकोन हवा' असं लिहायला शिकवलंय. त्याचं म्हणणं, मार्क मिळतील, पण खरं काय ते सांगा.

मी साताऱ्याकडचा. 1992 साली फौजदार झालो आणि पहिलीच नेमणूक गडचिरोली. त्या काळी गडचिरोलीची ऑर्डर आली की घरी पेढे वाटत नसत. आईनं नवस बोलला होता. पहिल्या खेपेला पाच वर्षं काढली, 2010 पासून पुन्हा चार. आता निवृत्त आहे. त्यामुळे हे पुस्तकी उत्तर नाही, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुकाही येतील.

उत्तर आधीच सांगतो. बळ चालतं. पण ते कुणावर पडतंय हे नेमकं ठाऊक असेल तरच. अंदाजानं पडलं, की समोरच्याची भरती आपणच करून देतो. आणि नेमकं ठाऊक होण्याची जागा एकच, गाव. गाव कुणाला सांगतं आणि कुणापासून लपवतं, यावर सगळा निकाल लागतो.

एक दुरुस्ती. 'लष्करी बळ' म्हणताय, पण गडचिरोलीत लष्कर लढलं नाही. लढले ते जिल्हा पोलीस, राज्य राखीव दल आणि केंद्रीय राखीव दल. हेलिकॉप्टर यायचं ते जखमींना उचलून नागपूरला न्यायला. हा फरक कागदोपत्री वाटेल, पण तसा नाही. सैनिकाच्या समोर शत्रू असतो. पोलिसाच्या समोर नागरिक असतात आणि त्यांच्यातच कुठेतरी एक आरोपी. हे आम्ही ज्या ज्या वेळी विसरलो, त्या त्या वेळी मार खाल्ला.

नक्षलवादी तेलंगणातून नदी ओलांडून सिरोंच्यात आले ते 1980 मध्ये. त्याच वर्षी आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर ग्रुप काढला होता. 2 नोव्हेंबर 1980 ला मोयाबिनपेठा गावात पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला. त्यांच्या यादीतला हा पहिला 'शहीद'. म्हणजे पाय पुरता टेकलाही नव्हता तेव्हाच आमची गोळी सुटली होती, आणि तरी ते थांबले नाहीत. गडचिरोली जिल्हा झाला त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, 26 ऑगस्ट 1982 ला. आधी दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र टोळी आली, मग कलेक्टर आला. हा क्रम लक्षात ठेवा.

नक्षलवादी टिकले कशामुळे? तेंदूपत्त्यामुळे, म्हणजे बिडीच्या पानामुळे. सत्तर पानांचा एक पुडा. तो बांधायला बाईमाणूस उन्हाळ्यात पहाटेपासून जंगलात, आणि ठेकेदार देणार मोजके पैसे. ह्यांनी ठेकेदाराला धाक दाखवून दर वाढवून घेतले. फॉरेस्ट गार्ड गावात आला की कोंबडी न्यायचा, बेगार घ्यायचा. ते बंद पाडलं. मी गेलो तोवर हे सगळं होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण लोकांच्या बोलण्यात ते कालपरवाचं असे. आमच्याबद्दल त्यांच्या आठवणीत असं काहीच नव्हतं.

आता माझी गोष्ट. 1993 चा पावसाळा सरत आला होता. दक्षिण भागात, गावाचं नाव सांगत नाही, आम्ही अठरा जण सर्चिंगला निघालो होतो. अकरा घरांचं गाव. एका घरामागे, कुडाला लागून, पानांचे द्रोण पडले होते. ओले, भाताची शितं चिकटलेली. मी खाली बसून मोजले. सतरा. घरात माणसं पाच, त्यातली दोन लेकरं. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. प्रशिक्षणात पंचनामा शिकलो त्याचं चीज झालं म्हणायचं!

घरमालकाला विचारलं: किती होते, कुठल्या दिशेनं गेले? त्याला मराठी येत नव्हतं. आमच्या अठरा जणांत माडिया, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, बोलणारा एकही नव्हता. गावचा मास्तर दुभाषी झाला असता, पण मास्तर पगाराला म्हणून तालुक्याला गेलेला तो परतलाच नव्हता. माणूस नुसता मान हलवत राहिला. आमच्या एका हवालदारानं त्याच्या पोटरीवर काठी मारली. मग दुसरी, मग मोजदाद नाही. मी थांबवलं नाही. त्याची बायको आत गेली, भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली आणि आमच्यासमोर उपडा करून दाखवला. रिकामा. घरात होतं नव्हतं ते सगळं ते लोक खाऊन गेले, असं ती सांगत होती. मी तो गंज पुरावा समजलो. सतरा जणांचा भात शिजेल एवढा मोठा होता ना तो.

त्या माणसाला आणलं, डायरीत नोंद न करता चार दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं. टाडाचे, म्हणजे कडक दहशतवादविरोधी कायद्याचे दिवस होते. सोडलं म्हणजे आम्ही उपकारच केले असं आम्हाला वाटत होतं. दीड वर्षानं खबर आली की त्याचा धाकटा भाऊ दलममध्ये आहे. ज्यानं मार खाल्ला तो गेला नाही. त्याला शेती होती, लेकरं होती. गेला तो कुडाआडून बघणारा.

पुढे मी यावर खूप विचार केला. गावाच्या जागी बसून बघा. रात्री दलम येतं, खांद्याला बंदुका, जेवायला मागतं. सकाळी पोलीस येतात, त्यांच्याही खांद्याला बंदुका. दलमचा मार टाळायचा उपाय गावाकडे होता: जेवण द्या, तोंड बंद ठेवा. आमचा मार टाळायचा उपाय काय होता? जेवण दिलं तर मार, नाही दिलं म्हणावं तर खोटं बोलतो म्हणून मार, मराठी येत नाही म्हणूनही मार. ज्याचा मार टाळता येतो त्याचं माणूस ऐकतो. यात मार्क्स नाही, माओ नाही. आम्ही मात्र दर महिन्याच्या अहवालात 'गावकरी नक्षलसमर्थक' असं लिहीत होतो.

आमची माणसं तरी कोण? निम्मी बदलीच्या अर्जाची वाट बघणारी. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरचा पगार मिळायचा, तो घरी पाठवायचा आणि दिवस मोजायचे. ज्याला दोन वर्षांत निघायचं आहे तो भाषा का शिकेल? मी स्वतः पहिल्या तीन वर्षांत माडियाचे वीसेक शब्द शिकलो, त्यातले बरेच हुकूम: थांब, बस, खरं सांग.

यात फरक पडला तो सी-60 मुळे. 1990 च्या डिसेंबरात, तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच साठ जवानांचं हे पथक उभं केलं. पुढे संख्या वाढली, नाव साठचंच राहिलं. सी-60 म्हटलं की लोक त्यांच्या काटकपणाबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे. ओझं पाठीवर, गाडी नाही, दिवसदिवस पायी. गाडीत बसलेला जवान म्हणजे भूसुरुंगाला आयतं निमंत्रण. (1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला एका खाजगी गाडीतले शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान आणि चालक स्फोटात गेले. आदल्या रात्री नक्षल्यांनी जवळच रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या होत्या. पायी जायचा नियम किती रक्तानं लिहिलाय हे माहीत असूनही असं होतं.)

पण माझ्या मते सी-60 ची खरी ताकद वेगळी. त्या जवानाचा मामा कुठल्या गावात आहे हे सगळ्या पट्ट्याला ठाऊक असतं. माझ्यासारखा साताऱ्याचा फौजदार कुणाला मारून तीन वर्षांनी निघून जाणार. हा कुठे जाणार? त्याला त्याच गावात लग्नाला, मयताला जायचं असतं. त्याला मारायच्या आधी दहा वेळा विचार करावा लागतो, आणि मारायची गरजही कमी पडते, कारण 'माहीत नाही' म्हणणाऱ्याच्या आवाजावरून खरंच माहीत नाही की भीती वाटते हे त्याला ओळखता येतं. ते मला कधीच ओळखता आलं नाही. त्या जवानानं किंमतही तशीच मोजली. वर्दी घातल्यावर कित्येकांना स्वतःच्या गावी रात्री मुक्काम करता आला नाही, कुणाचे बाप-भाऊ मारले गेले. सी-60 वरही ज्यादतीचे आरोप झाले, आजही होतात, आणि सगळे खोटे आहेत असं मी म्हणणार नाही.

'स्थानिक माणसं घेतली की झालं' असा निष्कर्ष मात्र काढू नका. इंद्रावतीच्या पलीकडे काय झालं बघा. जून 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात सलवा जुडूम सुरू झालं, म्हणजे गावकऱ्यांनाच नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करायची मोहीम. काँग्रेसचे महेंद्र कर्मा पुढे होते, पाठीशी भाजपचं राज्य सरकार. गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणायची. जे येणार नाहीत ते नक्षलवाद्यांचे, इतका सोपा हिशेब. सहाशेच्या वर गावं ओस पडली. हजारो माणसं जंगल तुडवत आंध्रातल्या खम्ममकडे गेली. गोंडी बोलणाऱ्या पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून तुटपुंज्या मानधनावर बंदुका दिल्या. तीही स्थानिकच होती. त्यांनाही वाटा, घरं, नावं सगळं माहीत होतं.

फरक काय? सी-60 चा जवान रीतसर भरती झालेला, त्याला निलंबित करता येतं, त्याच्यावर खटला चालवता येतो. जुडूमच्या पोराला आज बंदूक मिळाली आणि उद्या त्याच बंदुकीनं त्यानं शेजाऱ्याशी जमिनीचं जुनं भांडण मिटवलं. शिवाय तिथं शिक्षा माणसाला नव्हती, गावाला होती. गाव जाळलं की गावातल्या प्रत्येकासाठी, जो आजवर कुणाच्याच बाजूनं नव्हता त्याच्यासाठीसुद्धा, दलम हीच सुरक्षित जागा उरते. त्यानंतरच्या वर्षांत त्या भागात माओवाद्यांची ताकद घटली की वाढली, हे 6 एप्रिल 2010 ला ताडमेटल्यात दिसलं: एका सकाळी 76 जवान गेले. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं ती विशेष पोलीस अधिकाऱ्यांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. 25 मे 2013 ला झीरम घाटीत कर्मांना माओवाद्यांनी मारलं. बळानं पाठिंबा वाढतो असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा मोठं उदाहरण सापडणार नाही, आणि त्यांचं म्हणणं इथं शंभर टक्के बरोबर आहे.

आमच्याकडे तेव्हा सगळं आलबेल होतं असंही नाही. 2009 हे गडचिरोली पोलिसांचं सगळ्यात काळं वर्ष. 1 फेब्रुवारीला मरकेगावला 15 जवान गेले, 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16, त्यात पाच महिला पोलीस, आणि 8 ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना, लाहेरीला 17. मी 2010 मध्ये परत गेलो तेव्हा बराकीत काही खाटांवर नवी माणसं झोपत नव्हती. जवानांच्या मनात एकच होतं. 'साहेब, एकदा मोकळीक द्या.' मोकळीक म्हणजे काय हे मला 1993 पासून ठाऊक होतं.

माझ्या वरचा अधिकारी वेगळ्या धाटणीचा निघाला. पोलिसांची पार्टी सर्चिंगवरून परत आली की तो शस्त्रं, काडतुसं नंतर बघायचा. आधी विचारायचा, 'गावात पाणी कुणाच्या घरी प्यालात? नाव सांगा.' नाव सांगता आलं नाही की त्याच पार्टीला दोन दिवसांनी पुन्हा त्याच गावात. पहिल्यांदा आम्हाला हा चाळा वाटला. सहा महिन्यांत कळलं, की माणसाचं नाव विचारायला त्याच्याशी बोलावं लागतं, आणि बोललेल्या माणसाला मारणं जड जातं. आमच्या डायरीत गावांची संख्या असायची, आता माणसांची नावं येऊ लागली. खबर त्यातूनच मिळायला लागली. भीतीनं दिलेली खबर बहुतेक वेळा जुनी किंवा खोटी असते. ही ताजी असायची.

पण वर्षभरात त्यानंच तो नियम बंद केला. कारण पाणी देणाऱ्यांना नक्षलवादी रात्री उचलून नेऊ लागले.

इथं प्रश्नाची दुसरी बाजू येते, जी क्लासमध्ये शिकवत नाहीत. बळ म्हटलं की सगळे सरकारचं बळ धरतात. नक्षलवादी म्हणजे बळ नाही का? त्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून या एका जिल्ह्यात पाचशेहून अधिक नागरिक मारले. त्यातले बहुसंख्य आदिवासी. पद्धत ठरलेली: रात्री दार वाजवायचं, 'थोडं बोलायचंय' म्हणून न्यायचं, सकाळी प्रेत रस्त्यावर, वर दगड ठेवलेलं लाल शाईचं पत्रक. मी अशा कित्येक पंचनाम्यांना बसलोय. एका ठिकाणी मेलेल्या माणसाच्या खिशात एसटीचं तिकीट आणि बियाण्यांची पावती होती. तो तालुक्याला गेला होता एवढाच त्याचा गुन्हा. तालुक्यात पोलीस ठाणं असतं.

त्यांनीही मग माझीच चूक केली. द्रोण मोजून माणूस ओळखायला लागले. कुणाकडे नवा मोबाइल दिसला, कुणाचा पोरगा पोलीस भरतीच्या मैदानावर धावून आला, कुणी ग्रामपंचायतीला उभा राहिला. आता दलमचा मार टाळायचा उपायही गावाकडे उरला नाही. 1980 च्या दशकात ज्यांनी पुड्याचा दर वाढवून दिला होता, तेच पुढे ठेकेदाराकडून खंडणी घेऊ लागले, म्हणजे तो पैसा फिरून पुन्हा मजुराच्याच पुड्यातून जाऊ लागला. रस्ता नको, पूल नको, टॉवर नको. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटायचं, बाळंतीण बाजेवर आणायची, आणि पुलाच्या मशिनी जाळणारे म्हणणार की हे जनतेसाठी. गावंच्या गावं नक्षल्यांना गावबंदी करायचे ठराव करू लागली. काही ठराव आमच्या दबावाखाली झाले, मला माहीत आहे. पण सगळे नाहीत.

तेव्हा गडचिरोलीत पोलिसांनी चळवळ मोडली हे अर्धंच खरं. तिनं आधी गाव गमावलं, मग आम्हाला खबर मिळाली, मग बंदूक चालली. उलट्या क्रमानं आम्ही वीस वर्षं करून बघितलं होतं.

या सगळ्याला छेद देणारी उदाहरणं नाहीत का? आहेत, आणि ती टाळू नयेत. श्रीलंकेनं मे 2009 मध्ये लिट्टे संपवली ती मन जिंकून नव्हे. शेवटच्या काही महिन्यांत अडकलेले चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं म्हटलं. तरीही तिथं तमिळांचं सशस्त्र बंड पुन्हा उभं राहिलं नाही. म्हणजे 'बळानं चळवळ कधीच संपत नाही' हे वाक्य खोटं आहे. फक्त तिथं समुद्र होता, नौदलानं तो बंद केला, पळायला जंगल नव्हतं की पलीकडे दुसरं राज्य नव्हतं, आणि सरकारला नागरिक मेल्याची पर्वा नव्हती. यातलं शेवटचं मान्य असेल तर पुढची चर्चाच थांबते.

पंजाब मला जास्त शिकवून गेलं, कारण तिथं एकाच जागी दोन प्रयोग झाले. जून 1984, ब्लू स्टार, अमृतसरच्या सुवर्णमंदिरात शिरलेल्या खलिस्तानवाद्यांवर लष्कराची कारवाई: गुरू अर्जुनदेवांच्या शहीद दिनाचे दिवस, आत यात्रेकरू, आणि परिक्रमेत रणगाडे. अकाल तख्त ढासळलं. शीख पलटणींत बंड झालं. त्याचा वणवा कुठवर गेला? ऑक्टोबरात इंदिरा गांधी गेल्या. दोन वर्षांनी, 10 ऑगस्ट 1986 ला, ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य पुण्यात गाडीत गोळ्या घालून मारले गेले. मग मे 1988, ब्लॅक थंडर: तेच मंदिर, पण या वेळी वेढा, वीज-पाणी तोडलेलं, लांबून नेमबाज, आणि पत्रकारांना बघायची मोकळीक. आतले लोक हात वर करून बाहेर आले. नंतर आवारात त्यांनीच छळून मारलेल्यांची प्रेतं निघाली. पहिल्या वेळी शहीद तयार झाले, दुसऱ्या वेळी लोकांना जे दिसायला हवं ते दिसलं. पुढे 1992-93 मध्ये पंजाब पोलिसांनी चळवळ संपवली तेव्हा मात्र बेपत्ता माणसांचा जो ढीग मागे राहिला, त्याचा हिशेब काढणारे जसवंतसिंग खालरा 1995 मध्ये स्वतःच बेपत्ता झाले. त्यात पोलिसांनाच शिक्षा झाली. त्यामुळे 'पंजाब पॅटर्न' हा शब्द कुणी अभिमानानं उच्चारला की मी गप्प बसतो.

गडचिरोलीचा शेवट तुम्ही पेपरात वाचलाच आहे. 22 एप्रिल 2018, कसनासूर-बोरिया, लगेच राजाराम खांदला, मिळून चाळीस नक्षलवादी मारले गेले. 13 नोव्हेंबर 2021, मर्दिनटोला. त्यात त्यांचा मोठा नेता मिलिंद तेलतुंबडे गेला. 1 जानेवारी 2025 ला त्यांच्यातल्या ज्येष्ठ नेत्या ताराक्कानं शरणागती पत्करली. 21 मे 2025 ला छत्तीसगडच्या अबुझमाडमध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांचा ज्येष्ठ नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली, नोव्हेंबरात त्यांचा लढाऊ कमांडर हिडमा आंध्रात मारला गेला. भूपतीनं त्याआधी शस्त्रं थांबवायचं जाहीर पत्र काढलं होतं, आणि त्याच्याच पक्षातल्यांनी ते झिडकारलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जंगलात काढलेला माणूस आपल्या लोकांना समजावू शकला नाही आणि मुख्यमंत्र्यांसमोर येऊन उभा राहिला. त्यात चकमकींचा वाटा नव्हता असं कुणी म्हणेल तर ते खोटं. पण गडचिरोलीतून नवी भरती त्याआधीच बरीच वर्षं जवळजवळ आटली होती. दलमात उरली होती ती जास्त करून पलीकडची, छत्तीसगडची पोरं.

कसनासूरबद्दल एक सांगायला हवं, कारण आमचे लोक ते सांगत नाहीत. गट्टेपल्लीची आठ पोरं त्या वेळी गेली. गाव म्हणत होतं, ती लग्नाला निघाली होती. पोलीस म्हणत होते, नुकतीच दलममध्ये भरती झाली होती. मी तिथं नव्हतो, त्यामुळे निवाडा करणार नाही. पण पोलिसांचंच खरं धरलं तरी, काही दिवसांपूर्वी घर सोडलेली पोरं ती. घरच्यांच्या लेखी अजून घरचीच. अशी आठ नावं एका गावात राहतात. चकमकीनंतर जवानांनी केलेल्या नाचगाण्याच्या बातम्यांत ती नावं आली नाहीत.

मग आता संपलं का? दलम संपलं आहे असं माझं मत. जे कारण घेऊन ते आले होते त्याचं काय, हे निराळं. बंदुकीशिवायही काही झालंय, ते मेंढा-लेखात बघा. धानोरा तालुक्यातलं छोटं गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत त्यांनी वर्षानुवर्षं ग्रामसभा चालवली, वनहक्क कायद्यातून 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. वाहतूक परवान्यांचं पुस्तक गावाच्या हातात आलं त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात हजर होते. पुढे कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकायला लागल्या. पुड्याचा दर आता दादालोक, म्हणजे दलमवाले, ठरवत नाहीत, ग्रामसभा ठरवते. माझ्या मते ह्या एका गोष्टीनं दलमचं जितकं नुकसान केलं तितकं आमच्या जवानांच्या एखाद्या कंपनीनं केलं नसेल, पण हे मोजायला आमच्या अहवालात रकाना नव्हता. पोलिसांनीही 2021 पासून ठाण्यांतून 'दादालोरा खिडकी' सुरू केली; दाखले, योजनांचे अर्ज तिथंच. तलाठी-ग्रामसेवकाचं काम पोलिसानं करावं का, हा प्रश्न विचारणारे बरोबर विचारतात. पण जो आधी पोचला त्यानं केलं.

आणि उलट्या बाजूला खाणी. सुरजागडचं लोखंड एटापल्ली तालुक्यात आहे. 2016 च्या डिसेंबरात नक्षल्यांनी तिथं पाऊणशेच्या घरात गाड्या जाळल्या. आज तिथं उत्खनन जोरात आहे. नव्या खाणींविरुद्ध तोडगट्ट्याला गावं महिनोन्‌महिने धरणं धरून बसली होती, हातात बंदूक नाही, कायद्याची पुस्तकं. अशा माणसांवर 'नक्षलसमर्थक' हा जुना शिक्का मारायचा मोह ठाण्यातल्या फौजदाराला होणारच, मला झाला असता. तोंडात तयार शब्द आहे, अहवालात तयार वाक्य आहे. दलम गेल्यावर तो शिक्का कुणावर मारायचा हे आता ठरायचंय.

निवृत्तीनंतर मागे एकदा तिकडे गेलो होतो, खाजगी कामाला, एसटीनं. 1993 च्या त्या गावाजवळूनही बस जाते आता. उतरलो नाही. आलापल्लीच्या फाट्यावर गाडी बदलायला तासभर थांबावं लागलं. टपरीवाला पोरगा माडिया, मराठी माझ्यापेक्षा साफ. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणाला. मोजायची सवय काही जात नाही. चहा संपेपर्यंत खनिजाचे एकवीस ट्रक गेले, बस आली एक.